चुन्याच्या हौदावरचा क्लीऑन

लीड्समधल्या आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात माइक बिघडला तर कुणी घाबरत नाही. "ओव्हाळकाकांना उठवा," एवढंच म्हणतात. सुभाष ओव्हाळ उठतात, घसा खाकरतात, आणि शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारा पाहुणासुद्धा खडबडून जागा होतो. वय शहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले, पण आवाज अजून पंचविशीतला. त्यांनी सत्तावीस वर्षं शहरात बस चालवली आणि त्याआधी सोळा वर्षं एका वूलन मिलमध्ये नोकरी केली, असं सगळे सांगत. बसचं खरं होतं.

मिल मात्र साफ खोटी. होती ती टॅनरी. शहराच्या उत्तरेला ओढ्याकाठी, लाल विटांची, आणि वारा फिरला की अर्धा मैल अलीकडेच नाकाला रुमाल लावायला लावणारी. ट्रकमधून मीठ लावलेली गाईबैलांची कातडी यायची. ती आधी भिजवायची, मग चुन्याच्या हौदात बुडवून केस सैल करायचे, मग आतलं मांस खरवडून काढायचं. कातडं कमावण्याच्या कामातला हा सगळ्यात घाण भाग, आणि १९७१ साली बावीस वर्षांचे सुभाषराव नेमके तिथेच लागले. शेजारच्या हौदावर ज्ञानेश्वर साळवे. दोघं एकाच विमानानं आले, एकाच खोलीत राहिले, आणि ही थापही दोघांनी मिळूनच मारली.

थाप का मारली, हे जुन्या माणसांना समजावायला नको, पण इथे जन्मलेल्या पोरांसाठी सांगायला हवं. करमाळ्याजवळच्या त्यांच्या गावात मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच वस्तीच्या गळ्यात होतं. बाबासाहेबांच्या मागे वस्तीनं धम्म घेतला आणि ते काम टाकलं. लगेचच पाटलाचा बैल मेला. तीन दिवस तो गोठ्यामागे कुजत पडला, आणि सुभाषरावांचे वडील समोर हाताची घडी घालून उभे राहिले. शेजारी ज्ञानेश्वरचे वडील. त्यापायी वर्षभर वस्तीला कुणी कामाला बोलावलं नाही, दुकानदारानं मीठसुद्धा दिलं नाही. उपास काढले, पण बैलाला हात लावला नाही. सात वर्षांच्या सुभाषनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता अशा बापाला पत्रात काय लिहायचं? की दादा, मी विलायतेत येऊन दिवसभर कातडीच ओढतो? दोघांनी ठरवून टाकलं, घरी 'मिल' लिहायचं. सुभाषरावांचे वडील १९८३ साली गेले, ते पोरगा मिलमध्ये आहे या समाधानात गेले. मग टॅनरी बंद पडली, सुभाषरावांना बस मिळाली, ज्ञानेश्वरना कौन्सिलच्या ऑफिसात जागा मिळाली, आणि थाप तशीच राहिली. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट उगाच कोण उकरून काढतो?

ओव्हाळांच्या घरात एका माणसाला तेवढं ठाऊक होतं, ते म्हणजे सुभाषरावांची बायको सिंधुबाई. कपडे त्या धूत ना! मागच्या अंगणात वेगळं पातेलं ठेवून, सोडा टाकून, उकळून काढत. "लोकरीला असला वास येतो, हे मला लग्न झाल्यावर कळलं," असा टोमणा त्या महिन्यातून एकदा तरी मारत. पण बाहेर कुणापाशी चकार शब्द काढला नाही. पोटच्या पोराला, रवीलासुद्धा, कधी सांगितलं नाही.

या वर्षी मंडळानं ठरवलं की एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात ओव्हाळकाकांचा सत्कार करायचा. मंडळाचा सेक्रेटरी प्रबुद्ध, म्हणजे ज्ञानेश्वरचाच मुलगा. पन्नाशीचा इंजिनिअर, शिस्तीचा माणूस, वंदना किती मिनिटांची आणि चहा किती मिनिटांचा हे स्प्रेडशीटवर मांडणारा. ज्ञानेश्वर २००९ मध्ये गेले, तेव्हापासून त्यांच्या नावानं मंडळ दर वर्षी एका हुशार मुलाला बक्षीस देतं. प्रबुद्धनं ठरवलं की काकांचा परिचय त्यांच्या नातीनं, मनालीनं लिहायचा, आणि तिनं आपला शाळेचा प्रोजेक्टही स्टेजवर सादर करायचा. मनाली, रवीची मुलगी, सतरा वर्षांची. ए-लेव्हलला एन्शन्ट हिस्टरी घेतलेली. आपल्याकडची बाकीची पोरं मॅथ्स आणि केमिस्ट्री घेतात आणि ही ग्रीसमध्ये जाऊन बसली, म्हणून रवीनं महिनाभर डोकं धरलं होतं. सुभाषराव मात्र खूश होते. "कुणीतरी घरात मागचं विचारणारं पाहिजे," म्हणायचे.

तर मार्चमधला रविवार. मटण-भाकरीचं जेवण झाल्यावर मनालीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"आजी, आजोबा, तुम्ही माझे ऑडियन्स. बोअर झालं तर हात वर करा, झोपू नका."

"झोपायला हे आहेत की," सिंधुबाई संत्रं सोलत म्हणाल्या.

मनालीनं सुरुवात केली. "अराउंड दोन हजार चारशे पन्नास वर्षांपूर्वीचा अथेन्स. तिथे राजा नाही. सगळे नागरिक, म्हणजे फक्त पुरुष, एका टेकडीवर जमतात आणि हात वर करून डिसाइड करतात. लढाई करायची का, कुणाला जनरल करायचं, सगळं. आधी जे लीडर होते ते मोठ्या घराण्यातले, जमीनवाले. तेच जनरल, तेच पॉलिटिशियन. मग एक नवीन टाइपची लीडर आली. आला. डेमागॉग. म्हणजे गोड बोलून नाहीतर ओरडून लोकांना भडकवणारा."

स्क्रीनवर चित्र आलं. एक ढेरपोट्या माणूस, तोंड आ वासलेलं, खांद्यावर कातडं टाकलेलं, भोवती माशा. वर लिहिलं होतं, 'स्मेली टॅनर'.

"हा क्लीऑन. याच्या फॅमिलीचा टॅनरी होता. सगळे त्याला हसायचे, कारण तो लाउड आणि व्हल्गर आणि—"

"कोण म्हणतं?"

आवाज एवढा चढला की सिंधुबाईंच्या हातून संत्र्याची फोड पडली.

"आजोबा, जोक आहे तो. त्या वेळच्या नाटकात असंच आहे."

"नाटकवाला कधी टॅनरीत गेला होता का आत? आणि ही चित्र काढणारी माणसं? ॲप्रन बघ कसला दाखवलाय, कमरेपुरता! चुना मांडीवर उडाला म्हणजे कळेल. रबराचा लागतो, घोट्यापर्यंत. आणि भिजलेलं कातडं असं उपरण्यासारखं खांद्यावर टाकतात होय? दोन माणसांना उचलत नाही ते. आकडीनं ओढावं लागतं."

"अथेन्समध्ये रबर नव्हता, आजोबा," मनाली म्हणाली. मग तिचं डोकं एका बाजूला कललं. "पण तुम्हाला हे कसं माहीत?"

हा प्रश्न तिला शाळेनं शिकवलेला. कुणी काही ठासून सांगितलं की आधी विचारायचं, याला हे कुठून कळलं. सुभाषरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं संत्र्याकडे बघितलं.

"सांगा आता," सिंधुबाई म्हणाल्या. "चोपन्न वर्षं झाली. मला कंटाळा आलाय तुमच्या मिलचा."

मग त्यांनी सांगितलं. हौद, मीठ, आकड्या, सगळं. गोरे कामगार कोरड्या बाजूला, पॉलिश आणि रंगाच्या कामावर, आणि आपल्याकडचे सगळे ओल्या बाजूला. घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या आणि ज्ञानेश्वरच्या शेजारची सीट कायम रिकामी. आणि करमाळ्याचा बैल, आणि हाताची घडी घातलेला बाप. पोरीसमोर रडायचं नव्हतं, पण डोळे भरून आलेच.

मनालीनं आधी आजोबांना पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "पण ते वेगळं आहे ना? पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं. जन्मले म्हणून करायला लागायचं, फुकट. तुम्हाला पगार होता. युनियन होता. नको म्हणून तुम्ही निघू शकत होता."

इतकं सरळ त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना लगेच पटलं असंही नाही. पन्नास वर्षांची लाज एका रविवारी थोडीच जाते? पण पोरीनं त्यांच्यादेखत ते माशांचं चित्र डिलीट केलं, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

"ओके, मग आता ऐका," मनाली खुर्ची पुढे ओढून म्हणाली. "ही गोष्ट तुम्हाला आवडेल. स्पार्टाचे सैनिक एका बेटावर अडकलेत. अथेन्सचे जनरल नुसते वेढा घालून बसलेत, आठवड्यांवर आठवडे. क्लीऑन सभेत उठून म्हणतो, आपले जनरल मर्द असते तर एव्हाना त्यांना पकडून आणलं असतं. आता जनरल निकिअस, खूप श्रीमंत, खूप सभ्य, तो म्हणतो, एवढं वाटतं तर तूच जा. मी माझी पोस्ट सोडतो."

"आयला! मग?"

"क्लीऑन घाबरतो. मागे मागे सरकायला लागतो. पण लोक ओरडायला लागतात, जा, जा! मग तो पण म्हणतो, ठीक आहे. वीस दिवसांत त्यांना जिवंत आणतो, नाहीतर तिथेच मारतो. सगळे हसतात. आणि आजोबा, तो आणतो! वीस दिवसांत. जवळजवळ तीनशे लोक, जिवंत. तिथे आधीच एक हुशार जनरल होता, त्याची हेल्प घेतली, बट स्टिल."

सुभाषराव मांडीवर थाप मारून असे हसले की नवा गुडघा दुखला. "अगं, हे माझंच! आमचा युनियनचा लीडर होता हॅरल्ड. आर्मीतला रिटायर्ड सार्जंट. माणूस भला, पण सबुरीचा. आम्हाला हातमोजे मिळायचे सहा महिन्यांतून एक जोडी. दोन आठवड्यांत चुना ते खाऊन टाकायचा. एकदा कँटीनमध्ये मीटिंग होती. मी उठलो आणि म्हटलं, आमचे लीडर मॅनेजरला घाबरतात. हॅरल्डनं आपलं रजिस्टर माझ्यासमोर टेबलावर आपटलं. म्हणाला, एवढा वाघ आहेस तर तूच कर."

"आणि तुम्ही घाबरलात?"

"घाबरतो काय? पळायला दार शोधत होतो! माझं इंग्लिश तेव्हा असलं. पण सगळे ओरडायला लागले, सुब्बाश, सुब्बाश! मी म्हटलं, महिन्यात मोजे आणतो, आणि ओल्या बाजूची चार माणसं कोरड्या बाजूला नेतो. लोक हसले. अठ्ठाविसाव्या दिवशी मोजे आले. आठवड्याला एक जोडी. चारपैकी तीन माणसं कोरड्या बाजूला गेली." ते थांबले आणि छाती काढून म्हणाले, "मी नाही गेलो. ज्ञानेश्वरही नाही. आधी बाकीच्यांना पाठवलं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की सिंधुबाईंनी टोमणा गिळला. नवऱ्याचा हा पराक्रम त्या दर दिवाळीला ऐकत आलेल्या, पण दुसऱ्या कुणापुढे सुभाषरावांना तो कधी सांगताच आला नव्हता.

मनाली मात्र आता ओठ चावत होती. "पण आजोबा, क्लीऑन हीरो पण नाही. मला दोन्ही लिहायला लागेल. मिटिलीनी नावाची एक शहर होती. होतं. त्यांनी अथेन्सच्या विरुद्ध बंड केलं. क्लीऑननं सभेत भाषण केलं, आणि सभेनं ठरवलं, तिथले सगळे पुरुष मारून टाका, बायका-मुलं विकून टाका. सगळे, म्हणजे ज्यांनी बंड केलं नाही ते पण. जहाज ऑर्डर घेऊन निघालं सुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना वाईट वाटलं. परत सभा भरली. क्लीऑन म्हणाला, काल ठरलं ते ठरलं, बदलू नका. पण लोकांनी बदललं. थोड्याच मतांनी. मग दुसरं जहाज सोडलं, पहिल्याच्या मागे. वल्हवणारे वल्हवता वल्हवताच जेवत होते, आळीपाळीनं झोपत होते. वेळेवर पोचले. शहर वाचलं."

सुभाषरावांचं हसू मावळलं. सिंधुबाईंना कारण ठाऊक होतं, म्हणून त्या उठून चहा टाकायला गेल्या.

"मीही तसे हात वर करायला लावलेत," ते म्हणाले. "एकोणऐंशी साल. ओव्हरटाइम करायचा नाही, असं युनियनचं ठरलं होतं. हॅरल्ड कामावर गेला. त्याची बायको आजारी होती, पैसे लागत होते. मला ठाऊक होतं. तरी मी मीटिंगमध्ये उभा राहून असा बोललो, असा बोललो, की त्याच्याशी कुणी शब्द बोलायचा नाही, असं ठरलं. कँटीनभर हात वर. एकटा ज्ञानेश्वर हात खाली ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हॅरल्डसाठी चहा घेऊन गेला. मी त्याच्याशीही आठवडाभर बोललो नाही. सहा आठवड्यांनी माझी अक्कल ठिकाणावर आली. पुन्हा मीटिंग बोलावली, तोवर हॅरल्ड नोकरी सोडून गेला होता."

"मग हे पण लिहू?"

"लिही. मोजेही लिही आणि हॅरल्डही लिही. आणि परिचयातली ती मिल खोडून टाक." एवढं म्हणून ते थबकले. लीड्समध्ये कुणालाही विचारा, ओव्हाळ आणि साळवे एकाच जागी कामाला होते, हे सगळ्यांना पाठ. यांची मिल खोडली की त्यांचीही खोडली जाणार. "थांब. आधी प्रबुद्धला विचारायला हवं."

पुढच्या शनिवारी ते प्रबुद्धच्या घरी गेले. भिंतीवर ज्ञानेश्वरचा फोटो, सुटातला, कौन्सिलच्या दिवसांतला. फोटोखाली बसूनच त्यांनी सगळं सांगितलं.

"काका, चेष्टा करताय का?" प्रबुद्धनं विचारलं. मग त्याचा चेहरा उतरला. "बाबांच्या नावानं आपण बक्षीस देतो. त्यांची ओळख काय करून देतो आपण? 'वस्त्रोद्योगातले कुशल तंत्रज्ञ'. इतकी वर्षं स्टेजवरून मीच वाचतोय ते. आता काय सांगू लोकांना?"

"जे होतं ते सांग."

"आणि आजोबांचं काय? तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय, बैलासमोर कसे उभे राहिले ते. लोक म्हणतील, बापांनी जे टाकलं ते पोरांनी विलायतेत जाऊन उचललं. म्हणतील का नाही?"

सुभाषरावांना मनालीचं बोलणं आठवलं. त्यांनी ते जमेल तसं सांगितलंही, की फुकट राबणं वेगळं आणि पगाराचं काम वेगळं. पण प्रबुद्ध खाली मान घालून बसला होता. त्याला काही ऐकू जात नव्हतं. आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? हाच प्रश्न स्वतः सुभाषरावांनी चोपन्न वर्षं उशाशी घेतला होता.

"हे बघ," ते उठत म्हणाले. "तुझ्या बापाचं नाव तुझं आहे. तू नको म्हणालास तर मी तोंड उघडणार नाही. पण माझ्या परिचयात मिल नको. नुसती बस लिही."

"सन्मानपत्र छापून झालंय, काका. फ्रेमही झाली."

घरी आल्यावर मनाली भडकली. "धिस इज सो अनफेअर! तुम्ही स्टेजवर उभं राहून सांगून टाका. तुम्ही बोललात की सगळे तुमच्याच बाजूला येतील."

"तेच तर," सुभाषराव म्हणाले. "हॉल माझ्या बाजूला ओढायला मला दोन मिनिटं पुरतात. हॅरल्डच्या वेळी मी तेच केलं. मेलेल्या मित्राच्या पोराला भर सभेत उघडं पाडून मला सत्कार नको. तू तुझ्या क्लीऑनचं सांग. आमचं नाव काढायचं नाही. शब्द दे."

तिनं शब्द दिला, पण रागानं पाय आपटत गेली. सुभाषराव पुढचे तीन आठवडे जेवले कमी आणि सिंधुबाईंवर चिडले जास्त. ज्या गोष्टीची जन्मभर लाज वाटली, ती सांगायची आता उबळ येत होती, आणि सांगता येत नव्हतं. त्यात त्या खोट्या कागदाखाली मान घालून हार घ्यायचा! त्यांनी दोनदा फोन उचलला, सत्कारच रद्द कर म्हणून सांगायला. दोन्ही वेळा सिंधुबाईंनी फोन काढून घेतला.

एप्रिलमधला शनिवार उजाडला. कम्युनिटी सेंटरच्या हॉलवर निळे झेंडे लागले. इल्फर्डहून एक कोच भरून मंडळी आली, ब्रिस्टलहून दोन गाड्या आल्या. वंदना झाली, छोट्या मुलांची गाणी झाली. मग मनाली स्टेजवर गेली. सुभाषराव पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सुटात, तोंड कडू करून बसलेले.

पोरगी छान बोलली हो! अर्धं इंग्लिश, अर्धं तिचं ते मोडकंतोडकं मराठी, पण कुठे अडली नाही. डेमागॉग या शब्दाचा अर्थ आधी फक्त 'लोकांना पुढे नेणारा' असा होता, तिनं सांगितलं. मग त्याची शिवी कुणी केली? ज्यांच्याकडे जमीन होती, आणि लिहायला वेळ होता, त्यांनी. क्लीऑनचा इतिहास लिहिणारा स्वतः एक जनरल होता. तो वेळेवर पोचला नाही, शहर हातचं गेलं, आणि लोकांनी त्याला हद्दपार केलं. "अशा माणसानं लिहिलंय की क्लीऑन वाईट होता. असेल पण. पण तो कातड्याच्या धंद्यातला होता म्हणून वाईट नव्हता. त्याचा वास येतो असं जे म्हणायचे, त्यांच्या पायात चपला कुणी केलेल्या होत्या?"

हॉलमध्ये टाळी पडली. सुभाषराव ताठ बसले.

मग तिनं मिटिलीनीचं सांगितलं, काहीही न लपवता. इथे क्लीऑन चुकला, पूर्णपणे चुकला, आपल्याला आवडतो म्हणून त्याला सोडायचं नाही, असं स्वच्छ म्हणाली. "आणि मला सगळ्यात बेस्ट वाटतात ती नाव नसलेली माणसं. काल ज्यांनी हात वर केला, तीच आज परत टेकडीवर आली आणि म्हणाली, आमचं चुकलं. कुणी हसेल म्हणून ती थांबली नाहीत. थँक यू."

तिनं शब्द पाळला होता. कुणाचं नाव घेतलं नाही, प्रबुद्धकडे बघितलंही नाही. सुभाषरावांनी बघितलं. प्रबुद्ध स्टेजच्या कोपऱ्यात फ्रेम हातात घेऊन उभा होता, आणि त्याची टाळी वाजवायची राहूनच गेली होती.

सत्काराची वेळ झाली. सुभाषराव स्टेजवर जाऊन उभे राहिले. प्रबुद्धनं माइकसमोर सन्मानपत्र वाचायला घेतलं. जन्म, गाव, शिक्षण. "सन एकोणीसशे एकाहत्तरमध्ये लीड्स येथे आगमन. त्यानंतर सोळा वर्षे..." इथे तो थांबला. हॉलला वाटलं चष्मा अडला. सुभाषरावांचे कान तापले. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली.

"इथे वूलन मिल छापलंय," प्रबुद्ध म्हणाला. "ते खोटं आहे. मला तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे, आणि मी ते बदललं नाही. सुभाष ओव्हाळ आणि माझे वडील ज्ञानेश्वर साळवे, दोघांनी सोळा वर्षं टॅनरीत कातडी कमावली. चुन्याच्या हौदावर. त्या पगारावर मी शिकलो. यांच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी गावात वेठ टाकली होती. या दोघांनी इथे नोकरी केली, युनियन चालवली. यातला फरक कळायला मला इतका वेळ लागला, याची मला लाज वाटते. त्यांच्या कामाची वाटत नाही."

सुभाषरावांना वर बघायचा धीर होईना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सिंधुबाई उठल्या.

"आणि कपडे मी धुतलेत! सोळा वर्षं! तेही लिहा त्यात!"

हसू फुटलं, आणि हसता हसता अख्खा हॉल उभा राहिला. इल्फर्डचे म्हातारे, ब्रिस्टलची पोरं, सगळे टाळ्या वाजवत होते. रवी तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होता, आणि मनाली त्याच्या दंडाला धरून काहीतरी भराभर सांगत होती. सुभाषरावांनी मान वर केली. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा ते माणसांसमोर टॅनरीतला कामगार म्हणून उभे होते, आणि त्यांना एवढा अभिमान वाटला की छातीत मावेना.

टाळ्या ओसरल्या तरी प्रबुद्ध फ्रेम देईना. तो काकांकडे वळला. माइक चालूच होता.

"काका, बाबा कामात कसे होते हो?"

"तुझा बाप?" सुभाषराव म्हणाले. "त्याच्या हातात मांस खरवडायची सुरी असली की फोरमन तपासायला यायचा नाही. लांबूनच बघायचा आणि पुढे जायचा. एवढ्या वर्षांत एक कातडं चिरू दिलं नाही त्यानं. अख्ख्या टॅनरीत तसा दुसरा कुणी नव्हता, मला धरून."

प्रबुद्धनं ते ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि हॉलकडे वळून तेच सगळं पुन्हा एकदा इंग्लिशमध्ये सांगितलं, म्हणजे मागे बसलेल्या पोरांनाही त्याचे बाबा कोण होते ते कळावं.